दाजीच्या प्रेशरचं गाऱ्हाणं

आमचा शेजारी दाजी परब ब्लडप्रेशर मोजायच्या आधी मशीनला गाऱ्हाणं घालतो. म्हणजे दंडाला पट्टा बांधून, डावा हात टेबलावर ठेवून, उजवा हात छातीशी धरून आणि डोळे मिटून तो ग्रामदेवतेला हाक मारतो आणि आज आकडा बरा येऊ दे असं सविस्तर सांगतो. ज्यांना कोकणातलं गाऱ्हाणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की ते एकट्याने घालायचं काम नव्हे. एकाने देवाला सांगायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. दाजीची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगी शैला पुण्याला, घरात तो एकटा. म्हणून तो रोज सकाळी सात वाजता माझ्या पडवीत यायचा आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं काम माझ्याकडे असायचं.

मी एसटीत कंट्रोलर होतो. जन्मभर खिडकीत बसून गाड्या सोडल्या. सातची गाडी सातला सुटली पाहिजे, सात-पाचला सुटली तर ती सातची गाडी नव्हे, असं माझं मत होतं आणि अजून आहे. त्यापायी ड्रायव्हर-कंडक्टरांशी माझं कधी फारसं पटलं नाही. घरातही सगळ्यांशी पटलं असं नाही. निवृत्त झाल्यावर सकाळचा कोरा चहा आणि पेपर ही दोनच सुखं मी स्वतःसाठी राखून ठेवली होती. बरोबर त्याच वेळेला दाजी दंड उघडा करून समोर येऊन बसायला लागला.

आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान दाजीच्या घराण्याचा. जत्रेला, शिमग्याला, पेरणीच्या आधी दाजी पुढे उभा राहतो आणि सगळा गाव मागे. तिथपर्यंत ठीक आहे. पण दाजीचं म्हणणं असं, की देवाला वर्षातून चार वेळा त्रास द्यायचा आणि मधे काही सांगायचं नाही हे बरं नव्हे, त्याला वाटेल कामापुरते येतात. म्हणून तो सगळ्यालाच गाऱ्हाणं घालतो. विहिरीवर नवा पंप बसवला त्याला घातलं. माझ्या बायकोने, सुमनने, मिक्सर आणला त्याला घातलं. मालवणला दात काढायला गेला तेव्हा खुर्चीत बसून दाताला घातलं. तोवर भूल चढलेली होती आणि जीभ वळत नव्हती. तसल्या तोंडाने सांगितलेलं देवाला कळलं नसेल, म्हणून घरी आल्यावर तोंड ताळ्यावर येईपर्यंत थांबला आणि काढलेला दात खिशात ठेवून तेच गाऱ्हाणं पहिल्यापासून परत घातलं.

गावच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली, तिथे त्याला प्रेशर निघालं. गोळी सुरू झाली आणि रोज मोजून लिहून ठेवा असं सांगण्यात आलं. दाजीने एक शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलं आणि विचारलं, ‘‘मशीन खंय आसा?’’

मशीन माझ्या घरी होतं. ते माझ्या मुलाने, संदेशने, पाठवलं होतं. संदेश अंदमानात असतो. कायमची नोकरी सोडून तिथे लोकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतो. मासे बघायला जवळच्या कट्टा गावच्या बाजारात गेलं तरी दिसतात, हे मी त्याला त्या वेळी सांगितलं होतं. आणखीही बरंच सांगितलं होतं. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललेलो नाही. मशीन कुरियरने आलं, खोक्यावर माझं नाव होतं, मी काही खोकं उघडलं नाही. सुमनने उघडलं. मला काही होत नाही, मला प्रेशर नाही, असं मी तिला सांगितलं आणि दंड पुढे केला नाही. मुलाबद्दल याहून जास्त काही मी इथे सांगणार नाही. विषय दाजीचा आहे.

तर दाजी. मशीनवर दोन आकडे येतात हे कळल्यापासून त्याने त्यांना माणसांत घेतलं. एक वरचो आणि एक खालचो. ‘‘आज वरचो बरो आसा, खालचो जरा रुसलोहा,’’ असा अहवाल तो सुमनला द्यायचा. दोघांतलं अंतर वाढलं की म्हणायचा, ‘‘तेंचा पटत नाय, वैनी. भावकी आसा.’’ आणि एके दिवशी एकशे बहात्तर, दुसऱ्या दिवशी एकशे चौतीस, तिसऱ्या दिवशी एकशे पंचाहत्तर असं का, म्हणून मी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘‘प्रेशर म्हणजे पावणो रे, कंट्रोलर. कदी येतलो, किती दिस रवतलो, आपल्याक सांगान येता काय?’’

पाहुणा आहे म्हटल्यावर त्याचा पाहुणचारही दाजी आपल्या मनाने करायचा. आकडा कमी आला की त्या दिवशी गोळी बंद. ‘‘पाऊस पडता तेवा शेताक पाणी कोण लायता?’’ आकडा जास्त आला की दोन गोळ्या. मी त्याला सांगितलं, दाजी, गोळी ही वेळापत्रकाप्रमाणे घ्यायची असते, प्रवासी बघून नव्हे. त्याने मान हलवली आणि केलं तेच.

गाऱ्हाण्याचा क्रम असा असायचा. पट्टा बांधला की ‘‘बा देवा रवळनाथा, भूमका देवी, बारा गावच्या म्हाराजा...’’ आणि मी म्हणायचो, व्हय म्हाराजा. मग ‘‘आज ह्या लेकरू तुज्या पायाकडे दंड उघडो करून बसलाहा...’’ व्हय म्हाराजा. मग ‘‘ह्या यंत्रात येवन बस आणि खरा काय ता दाखय...’’ इथे मी बटण दाबायचं. पट्टा फुगायला लागायचा आणि दाजी पुढचा भाग तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहायचा. मधला हा भाग मला कधी ऐकू आला नाही. मी तो ऐकायचा प्रयत्नही केला नाही, कारण त्या वेळी मी पेपरच्या दुसऱ्या पानावर असायचो. दाजी दम घ्यायला थांबला की मी पेपरमागून व्हय म्हाराजा म्हणायचो, कंडक्टर पेंगत पेंगत बेल मारतो तसं. पट्टा सैल पडला की दाजीचा आवाज पुन्हा मोठा व्हायचा, ‘‘जा काय चुकला-माकला आसात ता पदरात घे,’’ आणि गाऱ्हाणं संपायचं. दीड वर्ष हे असं चाललं.

मग कट्ट्याच्या बाजारातला प्रकार झाला. सलग दोन दिवस आकडा मोठा आला होता आणि दाजी सलग दोन दिवस दुप्पट गोळ्या घेऊन होता. मासेवालीच्या बांगड्यांच्या टोपलीपुढे तो उकिडवा बसून घासाघीस करत होता. सौदा जमला, पैसे द्यायला म्हणून तो झटकन उठला आणि डोळ्यांपुढे अंधार येऊन सरळ टोपलीत बसला. त्याला लागलं काही नाही, बांगडे होते खाली. मासेवालीने त्याला धरून ठेवलं, कोणी पाणी आणलं, कोणी रिक्षा. मी त्याला घरी आणलं तोवर पुण्याहून शैलाचा फोन येऊन गेला होता. आमच्याकडे बातमी एसटीच्या आधी पोचते.

शैला रजा टाकून आली. शहाणी मुलगी आहे, उगाच आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हे. वही उघडून तिने आकडे वाचले आणि वडिलांना म्हणाली, ‘‘बाबा, आता पुण्याक चला. एकट्यान रवण्यासारखा ह्या नाय.’’

‘‘माका थंय काय आसा?’’

‘‘मी आसंय.’’

दाजी अंगणापुढच्या भाताच्या कुणग्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, ‘‘थंय गाऱ्हाणा खंय घालतलंय, बाय? चवथ्या माळ्यार?’’ मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण हात जोडलेला दाजी मी देवळाबाहेर त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मुलीपुढे त्याने हात जोडले होते. मला ते बघवलं नाही आणि मीच मधे पडलो. म्हटलं, आधी डॉक्टरला विचारूया, मग सामान बांध.

कट्ट्याला एक तरुण डॉक्टरीणबाई नवीनच बसायला लागल्या होत्या. त्यांनी दाजीला खुर्चीवर बसवलं, इकडच्या तिकडच्या रुग्णांचे कागद बघत त्याला पाच-सात मिनिटं तसाच ठेवला आणि मग प्रेशर मोजलं. एकशे चौतीस, ब्याऐंशी. त्यांनी वही बघितली, परत मोजलं. एकशे बत्तीस.

‘‘आजोबा, पुष्कळ माणसांचं दवाखान्यात आलं की वाढतं आणि घरी उतरतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचं उलटं आहे.’’

‘‘माजा सगळाच उलटा, बाय.’’

‘‘थोडं वरखाली सगळ्यांचंच होतं. सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं. जिना चढलात, चहा घेतलात, विडी ओढलीत, लघवी अडवून बसलात तरी आकडा बदलतो. पण चाळीसचा फरक रोज रोज? त्यात गोळ्या अशा कधी शून्य, कधी दोन. घरचं मशीन उद्या घेऊन या. आणि घरी मोजता तसंच, अगदी तसंच, माझ्यासमोर मोजा.’’

शैला म्हणाली, ‘‘डॉक्टर, पंधरा दिवस बघते. जाग्यावर आलं तर राहू दे त्यांना इथे. नाही तर मी त्यांना घेऊन जाणार.’’ डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. दाजीने माझ्याकडे बघितलं, दहावीच्या निकालाला पोरं मास्तरांकडे बघतात तसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मशीन घेऊन गेलो. बाहेर बाकावर दहा-बारा माणसं बसलेली, मधे नुसता पडदा. दाजीने पट्टा बांधला आणि घुटमळला. म्हणाला, ‘‘अगदी घराकडे करतंय तसाच?’’ बाई म्हणाल्या, अगदी तसंच. दाजीने उजवा हात छातीशी नेला, डोळे मिटले आणि देवळातल्या आवाजात सुरुवात केली.

‘‘बा देवा रवळनाथा, भूमका देवी, बारा गावच्या म्हाराजा...’’

मी तोंड उघडायच्या आत पडद्यापलीकडून दहा-बारा जणांचा एकदम आवाज आला, ‘‘व्हय म्हाराजा.’’

सवयीचा भाग. आमच्याकडे हे शब्द कानावर पडले की तोंड आपोआप उघडतं, मग माणूस तापाने फणफणलेला का असेना. डॉक्टरीणबाईंच्या हातातला पेन खाली पडला. दाजीला मात्र जोर चढला. ‘‘आज ह्या लेकरू ह्या डॉक्टरबायच्या पायाकडे बसलाहा...’’ व्हय म्हाराजा. ‘‘ह्या यंत्रात येवन बस...’’ व्हय म्हाराजा. मी बटण दाबलं. पुढचा पुटपुटण्याचा भाग आला तेव्हा दाजीने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात त्या दिवशी पेपर नव्हता. तो जरा अडखळला, मधला भाग गाळून सरळ शेवटावर आला आणि गाऱ्हाणं आटोपलं. आकडा आला एकशे छप्पन्न.

बाईंनी हसू आवरलं, पण पाणी पिऊन आवरायला लागलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ‘‘आजोबा, मोजताना बोलायचं नसतं. नुसत्या गप्पा मारल्या तरी आकडा चढतो, आणि तुम्ही तर जत्रा भरवताय. ह्या चढलेल्या आकड्यावर तुम्ही दोन दोन गोळ्या घेतल्यात, म्हणून चक्कर आली.’’ त्यांनी कागदावर लिहून दिलं. आधी लघवीला जाऊन यायचं. अर्धा तास चहा-विडी नको. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडाला, हात छातीच्या उंचीवर. दोनदा मोजायचं. गोळी रोज एक, ठरलेल्या वेळेला, आकडा काहीही येवो.

मग त्या वहीकडे बघत म्हणाल्या, ‘‘एक कळत नाही. इथे एवढी माणसं ओरडत होती तरी एकशे छप्पन्न. घरी दोघंच असता आणि एकशे बहात्तर, पंचाहत्तर. वरचे कुठून येतात?’’

‘‘ते पावणे, बाय,’’ दाजी म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

परतताना मी रिक्षात त्याला फाडून खाल्लं. खरं म्हणजे त्याचं निदान झालं, मला आनंद व्हायला हवा होता. पण दीड वर्षाचे चहा माझ्या डोळ्यांपुढे आले, सगळे गार झालेले. म्हटलं, ‘‘दीड वर्स माजी सकाळ खाल्लंस, दाजी. ती कित्याक, तर उगाच. आजपासून गाऱ्हाणा बंद. माका परत तोंडातसून अक्षर काडूक सांगू नको.’’

‘‘बरा,’’ दाजी म्हणाला. एवढंच.

शैला पुण्याला परतली आणि पुढचे पंधरा दिवस मी त्याला वेळापत्रकावर ठेवला. सातला पाच कमी असताना दाजी येऊन बसायचा, मी घड्याळ टेबलावर ठेवायचो. ज्याने जन्मात कधी तोंड मिटलं नाही त्याची पाच मिनिटं बघणं हा एक अभ्यास होता. पहिल्या मिनिटाला तो ओठ आत घ्यायचा. दुसऱ्याला मासेवाल्याचा हॉर्न वाजायचा आणि तो भुवयांनी सुमनला विचारायचा, काय आसा? तिसऱ्याला पायाचे अंगठे हलायला लागायचे आणि मी बोटाने खूण करायचो. चौथ्याला तो छताकडे बघायचा. पहिल्या दिवशी आकडा आला एकशे अठ्ठावीस, ऐंशी. दाजीने तो बघितला, मशीन उलटं करून खालून बघितलं आणि मला विचारलं, ‘‘ह्यो कोणाचो?’’

त्याचाच होता. दुसऱ्या दिवशी एकशे तीस, मग एकशे सव्वीस, मग एकशे बत्तीस. चार-सहाचा चढउतार, बाईंनी सांगितलं होतं तेवढाच. पंधराव्या दिवशी मी शैलाला फोनवर सगळे आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘‘काका, तुमच्यावर सोडते त्यांना.’’ मी फोन ठेवून दाजीला सांगितलं, ‘‘रवलंस. जावूचा नाय खंय.’’ दाजीने डोळे पुसले, वही काखेत घेतली आणि घरी गेला. त्याचं सगळं त्या घरात आणि त्या देवळात आहे. ते राहिलं याचं मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, दाजी आला नाही. शैलाने त्याला नवं मशीन पाठवलं होतं, घरीच मोजत असेल. मी निवांत पेपर उघडला. चहा गरम होता. तिसऱ्या दिवशीही चहा गरम होता. पेपरमधली एक बातमी मी तीन वेळा वाचली आणि ती कसली हे मला सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी सात-दहाला सुमन कप उचलायला आली आणि म्हणाली, ‘‘वाटेकडे कित्याक बघतास? तुमीच बंद केलास मा तेंका.’’

‘‘मी आकड्यासाठी बंद केलंय.’’

‘‘आकडो काय मिनिटभराचो. तेच्यानंतर बोलूक डॉक्टरणीन नको सांगला काय?’’

हे मला सुचलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मोजताना बोलू नका सांगितलं होतं. बंद मी केलं होतं. मी चपला घातल्या.

दाजीचं घर म्हणजे मधे एक दगडी गडगा आणि पाच-सहा पोफळी. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पोचलो तर पडवीतून आवाज येत होता. शैलाचं मशीन बाकावर होतं, त्यावर जास्वंदीचं फूल. दाजीचा दंड मोकळा होता, मोजून झालेलं होतं. देवळाच्या दिशेला तोंड करून, माझ्याकडे पाठ करून तो गाऱ्हाणं घालत होता. एकटाच असल्यामुळे पुटपुटत नव्हता. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

‘‘...माज्या चेडवाक तकडे पुण्यात सुखी ठेव...’’

तो थांबला. मग नाकातून, कंटाळलेल्या आवाजात स्वतःच म्हणाला, ‘‘व्हय म्हाराजा.’’

तो आवाज माझा होता. पेपरमागून निघतो तसा, हुबेहूब. मला आधी राग आला.

‘‘...आणि ह्या शेजारच्या वसंताचो झील संदेश दर्यापलीकडे आसा. रोज पाण्याखाली जाता. तेच्या नाकातोंडात पाणी जावक देव नको, जसो गेलो तसो वर हाड...’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ माझ्या आवाजात.

‘‘...बापूस आणि झील दोगव खुळे आसत. दोन वर्सा झाली, एक शब्द नाय. मोट्याक आदी बुद्धी दी. तेच्या हातान एक फोन होवं दे...’’

तो दम घ्यायला थांबला. मी खळ्यात उभा होतो. दीड वर्ष रोज सकाळी, ज्या मुलाचं नाव मी घरात काढू देत नव्हतो, त्याच्यासाठी देवाला सांगितलेल्या प्रत्येक वाक्याला मी व्हय म्हाराजा म्हटलं होतं आणि चहा प्यायलो होतो. मला लाज वाटली. इतकी, की परत फिरावं असं वाटलं. पण दाजी अजून थांबलेला होता आणि मधली जागा रिकामी होती.

‘‘व्हय म्हाराजा,’’ मी म्हटलं.

दाजी दचकून वळला. मला बघून त्याचं तोंड असं झालं, की चोरी केलेल्या माणसाचंही होत नाही. ‘‘तू ऐकलंस?’’

‘‘ऐकलंय. रोज ह्याच म्हणा होतंस?’’

‘‘रोज.’’ तो खाली बघत म्हणाला. ‘‘तुका कळला तर माका पडवीत घेवचंस नाय म्हणान भिया वाटायचा. ह्या भागाक इलंय की छातीत धडधडायचा. डॉक्टरबाय विचारी होती ना, वरचे खंयसून येतत.’’

मी बाकावर बसलो. दाजी पुढे आला, माझा दंड धरला आणि म्हणाला, ‘‘चल. तुज्या झिलान धाडलेला मशीन आसा, तेका तुजो हात एकदाव लागूक नाय.’’

माझ्या पडवीत त्याने मला पाठ टेकून बसवलं. पाय जमिनीला. माझंच घड्याळ त्याने टेबलावर ठेवलं आणि पाच मिनिटं मला गप्प ठेवलं. मला ते मुळीच जड गेलं नाही, गप्प बसण्याची मला सवय आहे. पट्टा फुगला, सैल झाला. एकशे चौसष्ट, अठ्ठ्याण्णव. दाजी म्हणाला, दोनदा घेवचा. दुसऱ्यांदा एकशे बासष्ट. (गोळी आता मलाही आहे. रोज एक, सात वाजता.)

दाजी आकड्याकडे बघत राहिला. थट्टा करेल असं मला वाटलं होतं, पण त्याने केली नाही. ‘‘माजो बोलान वाडता,’’ तो म्हणाला. ‘‘तुजो गप बसान वाडता, वसंता.’’

सुमन दारात उभी होती, पदराला हात पुसत. मी तिला विचारलं, ‘‘तेचो नंबर खंय लिवलेलो आसा?’’

लिहिलेला कुठेच नव्हता. तिने दहा आकडे तिथल्या तिथे सांगितले, न अडखळता. मी ते दाबले. बोट दोनदा चुकलं, दोनदा पुसून परत दाबलं. पलीकडे रिंग वाजायला लागली. एक, दोन, तीन. पाण्याखाली असेल, मी म्हणणार होतो. तेवढ्यात कोणीतरी फोन उचलला आणि वाऱ्याच्या आवाजातून विचारलं, ‘‘आई?’’

‘‘आई नाय,’’ मी म्हटलं. ‘‘मी आसंय.’’

मागे पडवीत दाजी हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘व्हय म्हाराजा.’’